सात अधिकारी, एक बांबू

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. ही उणीव जिल्हा नियोजनाच्या कोणत्याही बैठकीत आजवर कुणी मांडलेली नाही, पण ती आहे. आणि गेली अकरा वर्षं मी ती दर तीन महिन्यांनी वरच्या कार्यालयाला लेखी कळवत आलो आहे. माझं नाव अमर कुबडे. मी जिल्हा जलयान सुरक्षा कक्षात वरिष्ठ सहायक आहे. कनिष्ठ सहायकाचं पद मंजूर आहे, पण भरलेलं नाही. त्यामुळं वरिष्ठ कुणापेक्षा, असं विचारू नये.

आमच्याकडं 'व्यापारी जहाजांवरील किमान सुरक्षित अधिकारीबळ' या नावाचं चौदा रकान्यांचं प्रपत्र येतं. जहाज सुरक्षितपणे चालायचं तर त्यावर कमीत कमी किती आणि कोणत्या दर्जाचे अधिकारी हवेत, ते आहेत का, नसल्यास का नाहीत, असा सगळा तपशील त्यात भरायचा असतो. परिपत्रक खरं तर बंदरांसाठी निघालं होतं. पण खाली 'प्रत : सर्व जिल्हे' असं छापायची पद्धत आहे, आणि सर्व जिल्ह्यांत यवतमाळ येतं. प्रत आली म्हणून कक्ष आला, कक्ष आला म्हणून कपाट आलं, आणि कपाटाची किल्ली कुणीतरी सांभाळायला हवी म्हणून मी आलो.

अकरा वर्षं मी चौदाही रकान्यांत एकच शब्द लिहिला : निरंक. बाहेरच्या माणसाला या शब्दाची थोरवी कळायची नाही. रकाना रिकामा ठेवला तर स्मरणपत्र येतं. शून्य लिहिलं तर 'शून्य का?' अशी विचारणा होते. निरंक लिहिलं की माहिती दिली असंही होतं आणि माहिती नाही असंही होतं, दोन्ही बाजू समाधानी. माझं अक्षर चांगलं आहे. वरच्या कार्यालयातल्या एका बाईंनी मला एकदा फोन करून सांगितलं होतं की राज्यात सगळ्यात सुंदर निरंक यवतमाळचं येतं. तो दिवस मी विसरलेलो नाही.

मग आमच्याकडं नवे कक्ष अधिकारी रुजू झाले, श्री. किसनसिंग जाधव. पहिल्याच दिवशी त्यांनी अकरा वर्षांची फाईल मागवली, उभ्या उभ्या चाळली आणि मिटली.

"कुबडे, अकरा वर्षांत एकही जहाज नाही?"

"साहेब, समुद्र नाही."

"ते कारण झालं. मी उत्तर मागतोय. परवाच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये शेजारच्या जिल्ह्यानं दोन जहाजं दाखवली. त्यांच्याकडं तरी कुठं आहे समुद्र?" साहेबांनी चष्मा काढला. "निरंक म्हणजे काम न केल्याची सही करून दिलेली कबुली. यापुढं निरंक चालणार नाही."

त्यामुळं जिल्ह्यात जहाजाचा शोध सुरू झाला. सगळ्या तालुक्यांना पत्रं गेली. राजूरकडून कळवलं गेलं की इथं कोळसा मुबलक आहे, कोळशावर चालणारं जहाज आल्यास तात्काळ कळवू. एका गावानं शेततळ्यातला थर्माकोलचा तराफा दाखवला. पांढरकवड्याहून मात्र आशा वाटावी असं उत्तर आलं. हैदराबाद रस्त्यावर जहाजाच्या आकाराचा एक ढाबा आहे, त्याला गोल खिडक्या आहेत, नांगर आहे, आणि वेटर कप्तानाची टोपी घालतो. साहेब दोन दिवस त्या ढाब्यावर विचार करत होते. शेवटी 'तरंगत नाही' असा शेरा मारून त्यांनी जड मनानं तो कागद बाजूला ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात झरी जामणी तालुक्यातून डोहगावचं पत्र आलं. पैनगंगेच्या काठी कोकिळाबाई बावणे नावाची बाई लाकडी डोंगा चालवते. माणसं आणि माल पलीकडच्या काठावर सोडते. पलीकडचा काठ तेलंगणात आहे.

साहेब खुर्चीतून उठले. "माणसं, माल, आणि परराज्य! कुबडे, हे नुसतं जहाज नाही. हे आंतरराज्यीय प्रवासी-नि-मालवाहू जहाज आहे."

आम्ही पाहणीला गेलो. घाटावर आठ माणसांचा एक डोंगा बाभळीच्या बुंध्याला बांधलेला होता आणि कोकिळाबाई त्याच्या फटींत डांबर भरत होत्या. पंचावन्नची बाई, काटक, तळहात बांबूवरून सरकून सरकून घट्टे पडलेले. डोंगा सासऱ्याचा. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं त्याच चालवत होत्या.

"जहाजाचं नाव?" मी प्रपत्र उघडलं.

"डोंगा."

"ते झालं. पण त्याचं नाव काय?"

"डोंग्याचं नाव डोंगाच राह्यते ना जी. गाईचं ठेवते मानूस, बैलाचं ठेवते. डोंग्याले हाक मारून तो थोडीच येते?"

मी लिहिलं : जलयान 'डोंगा'. पुढचा रकाना इंजिनाचा होता. इंजिन नव्हतं. कोकिळाबाई काठाजवळ बांबूनं डोंगा रेटत, खोल पाण्यात वल्हं मारत, आणि सात मिनिटांत पैलतीर गाठत.

"मोबदला घेता?" साहेबांनी विचारलं.

"गावच्याकून कायचा मोबदला? सुगीले दर घरामागं पायलीभर तूर देते. परक्या मानसाचे धा रुपये."

"तूर घेता. म्हणजे व्यापारी." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी लिहिलं.

"अपघात किती झाले?"

कोकिळाबाईंनी थोडा विचार केला. "एक बकरी पडलती. पाच-सा वर्स झाले."

"मग?"

"पोहून आली. मालकाच्या आंधी घरी पोचली थे."

'अपघात : एक. बचावकार्य : यशस्वी.' हे मी फार जपून, वळणदार अक्षरात लिहिलं. अकरा वर्षांनंतर रकान्यांत निरंकऐवजी काहीतरी लिहिलं जात होतं. सगळं अगदी छान चाललं होतं, आणि मग नववा रकाना आला.

नववा रकाना अधिकारीबळाचा. अनुसूचीप्रमाणं आंतरराज्यीय जलयानावर किमान सात अधिकारी हवेत : मास्टर, मुख्य अधिकारी, दिशादर्शनासाठी द्वितीय अधिकारी, सुरक्षेसाठी तृतीय अधिकारी, मुख्य अभियंता, द्वितीय अभियंता आणि बिनतारी संदेश अधिकारी. डोंग्यावर उपलब्ध अधिकारी : शून्य. साहेबांचा चेहरा उतरला. मग त्यांनी नियमाप्रमाणं जे करायचं ते केलं. डोंग्याला स्थगिती दिली. बंदी नव्हे, बंदीला सुनावणी लागते. स्थगितीची पाटी मी स्वतः बाभळीला ठोकली.

आता डोहगावची अडचण अशी की निम्म्या गावाची शेतं पैलतीरी आहेत. नदी सरहद्द होण्याच्या कितीतरी आधीपासून ती आहेत. महिना नोव्हेंबरचा. पुंडलिकराव ठाकूरवार यांच्या पलीकडच्या पाच एकरांत कापूस फुटून पांढराफेक झाला होता. वेचणीला जाणाऱ्या बाया रोज सकाळी डोंग्यानं जात. पुलावरून गेलं तर एकेचाळीस किलोमीटर पडतात, आणि आभाळ चार दिवसांपासून भरून येत होतं.

पाचव्या दिवशी पुंडलिकराव आणि कोकिळाबाई एसटीनं यवतमाळला आले. कोकिळाबाई साहेबांच्या टेबलासमोर बसल्या नाहीत.

"सायेब, काहून थांबवलं माह्या डोंग्याले?"

"अधिकारीबळ अपुरं आहे."

"पाह्यजे किती?"

"किमान सात."

त्यांनी बोटांवर हिशोब केला. "डोंग्यात बसते आठ. सात तुमचे सायेब. मंग बायांनं बसाव कुठं?"

"प्रवाशांची सोय हा वेगळा विषय आहे. त्याला वेगळं प्रपत्र आहे. हा कक्ष सुरक्षिततेचा आहे."

पुंडलिकरावांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "म्हंजे असं की गावचं मानूस डोंग्यात बसलंच नाई, त बुडनार कोन? झालं सुरक्षित."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. साहेबांनी ते टिपून घेतलं, कारण अहवालाला प्रस्तावना हवी होती.

"आन् डोंगा चालवल कोन?" कोकिळाबाईंनी विचारलं.

साहेबांनी अनुसूची पुढून मागं आणि मागून पुढं पाहिली. "चालवण्याचं असं पद यात नाही. अधिकारी आदेश देतील."

"कोनाले?"

"कनिष्ठांना. कनिष्ठांची अनुसूची 'ब' अजून प्राप्त व्हायची आहे."

"मले त्या सातात घ्या ना मंग. म्या बावीस वर्स..."

"शिक्षण?"

"चवथी."

"मास्टरला पदवी लागते. अभियंत्याला पदविका." साहेब मऊ आवाजात म्हणाले, ते दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. "बाई, तुमचा अनुभव आम्ही नाकारत नाही. फक्त त्याला रकाना नाही."

कोकिळाबाईंनी आपले तळहात पाहिले. मग म्हणाल्या, "सायेब, लोकं मले डोंगेवाली म्हनते. थ्या डोंग्यात मलेच जागा नसन, त म्या कोन झाली?" आणि जाताना त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी कपाट उघडून बराच वेळ आत काहीतरी शोधत राहिलो.

त्यांच्या येण्याचा परिणाम झाला नाही असं नाही. साहेबांनी तडकाफडकी सात अधिकाऱ्यांची प्रतिनियुक्ती केली. जिल्ह्यात समुद्रावरचा माणूस मिळेना, तेव्हा उपलब्ध मनुष्यबळातून निकटतम समकक्ष पदं काढली. तलाठी नागोराव भगत मास्टर झाले, कारण गावात शेवटची सही त्यांचीच चालते. शाळेच्या केंद्रप्रमुखांकडं शिट्टी होती म्हणून ते मुख्य अधिकारी. भूकरमापकाला नकाशा कळतो म्हणून दिशादर्शन. हातपंप दुरुस्त करणारे मेकॅनिक मुख्य अभियंता, कारण पाण्याशी संबंध. द्वितीय अभियंत्याचं पद पशुधन पर्यवेक्षकाला गेलं. इंजिनाची ताकद घोड्यांत मोजतात. ग्रामपंचायतीच्या संगणकवाल्याकडं बिनतारी संदेश आला. सुरक्षेसाठी कुणी सापडेना, आणि साहेबांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली.

"डोंग्याला इंजिन नाही, तर दोन अभियंते कशाला?" असं हातपंपवाल्यानं पुढं प्रशिक्षणात विचारलं. उत्तर सोपं होतं. इंजिन नाही, हे ठामपणे सांगायलाही तज्ज्ञच लागतो. एक सांगेल, दुसरा प्रतिस्वाक्षरी करेल.

प्रशिक्षण पाच दिवस चाललं, पंचायत समितीच्या सभागृहात. आम्ही पडद्यावर जहाजं पाहिली, नांगर पाहिला, चार तास पहारा आणि आठ तास विश्रांती या नियमाचं पाठांतर केलं. पलीकडं जायला सात मिनिटं लागतात, पण पहारा चार तासांचाच असतो, तेव्हा उरलेले तीन तास त्रेपन्न मिनिटं अधिकाऱ्यानं डोंग्यातच बसून राहावं असं ठरलं. शेवटी परीक्षा झाली. सगळे पास झालो. 'पोहता येते काय?' हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता, ते एका परीनं बरंच झालं.

चाचणी फेरीचा दिवस उजाडला. घाटावर झेंडूची तोरणं होती. आम्ही सातही जण नारिंगी लाईफ जॅकेट घालून डोंग्यात चढलो, आणि आठव्या जागी निरीक्षक म्हणून साहेब बसले. डोंग्यावर रंगानं लिहिलं होतं : 'क्षमता आठ. जास्त भार हा गुन्हा आहे.' काठावर पुंडलिकराव होते, वेचणीच्या बाया कापूस भरायच्या ओट्या कमरेला बांधून तयार होत्या, त्यांची मुकादम जया होती, आणि सगळ्यांच्या मागं बाभळीखाली कोकिळाबाई उभ्या होत्या. मुख्य अधिकाऱ्यांनी शिट्टी वाजवली. जयानं दावं सोडलं.

डोंगा निघाला. सुरुवातीला टाळ्या पडल्या. मग हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की तो पलीकडं न जाता खाली चालला आहे.

"मास्टर, डोंगा प्रवाहाबरोबर जातोय," साहेब म्हणाले.

नागोरावांनी मान हलवली. "मुख्य अधिकारी, डोंगा प्रवाहासंगं जाऊन राह्यला."

मुख्य अधिकाऱ्यांनी ते द्वितीय अधिकाऱ्यांना कळवलं. भूकरमापकानं नकाशा उलगडला आणि ही दिशा चुकीची आहे, याला दुजोरा दिला. अभियंत्यांनी इंजिनात कोणताही बिघाड नसल्याचं एकमतानं सांगितलं. बिनतारी संदेश अधिकाऱ्यानं मोबाईल वर धरला. त्याला तेलंगणाची रेंज मिळाली आणि स्वागताचा संदेश आला. बांबू आमच्या पायांत आडवा पडला होता.

"कोणीतरी तो उचला!" साहेब ओरडले.

आम्ही सगळे बांबूकडं पाहत राहिलो. आळस म्हणून नव्हे, वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. प्रत्येकाच्या खिशात आपापल्या कर्तव्यांची यादी होती आणि प्रत्येकानं ती काढून पाहिली. माझ्या यादीत 'धोका ओळखणे व नोंदवणे' असं होतं, आणि ते मी करत होतो. शेवटी हातपंपवाल्यानं बांबू उचलला, उलटा धरला, पाण्यात खुपसला, आणि बांबू चिखलात तसाच उभा राहून आम्ही पुढं निघून आलो.

खालच्या अंगाला पाथर आहे. खडकांची ओळ, पाणी तिथं फेसाळतं. त्याचा आवाज यायला लागला तसे मी जॅकेटचे बंद आवळले. मला पोहता येत नाही. मला घर आठवलं, बायको आठवली, आणि का कोण जाणे, माझं ते सुंदर निरंक आठवलं. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नव्हतो.

"कोकिळाबाई!" मीच आधी हाक मारली.

त्या काठाकाठानं आमच्यासोबत चालतच होत्या. दुसरा एक बांबू खांद्यावर होता.

"कोकिळाबाई, या लवकर!"

"कोनत्या पदावर येऊ जी?" त्यांनी काठावरून विचारलं.

साहेबांनी एका झटक्यात मला आदेश लिहायला सांगितला. मी लिहिला. पण शिक्का घाटावरच्या पिशवीत राहिला होता, आणि शिक्क्याशिवाय नेमणूक झाली असती तर पुढं लेखापरीक्षणात सापडलो असतो. "प्रवासी!" साहेबांना सुचलं. "प्रवासी म्हणून या! त्याला नेमणूक लागत नाही!"

कोकिळाबाई पाण्यात उतरल्या. कंबरभर पाणी. आडव्या चालत त्या डोंग्यापर्यंत आल्या आणि त्यांनी त्याच्या कडेवर हात टाकला, डोंगा थांबला. नदीचा तळ त्यांना आपल्या अंगणासारखा पाठ होता. त्यांनी आत पाहिलं, रंगवलेली सूचना वाचली. चौथीपर्यंतचं वाचन त्यांना पुरेसं होतं.

"आठ भरले हायत सायेब. म्या नववी. जास्त भार हा गुन्हा हाय."

खरं होतं. कुणीतरी उतरायला हवं होतं. पण कोण? सातही अधिकारी 'किमान' होते. एक जरी उतरला असता तरी डोंगा त्या क्षणी असुरक्षित ठरला असता, आणि तोही भर नदीत. मास्टर नागोराव अदबीनं म्हणाले, "सायेब, यादीत नसलेलं मानूस डोंग्यात एकच हाय."

साहेबांनी सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग बूट काढले, फाईल डोक्यावर घेतली आणि पैनगंगेत उतरले. काठावरच्या बायांना हसू आवरेना. जया ओरडली, "सायेब, डाव्या हातानं या, उजव्याकून डोबरा हाय!" साहेब ऐकून, तो खोल खड्डा टाळून, डावीकडून गेले. सूचना आली की तिचं पालन करायचं, ही त्यांची सवय चांगली होती.

कोकिळाबाईंनी डोंग्यात चढून कनवटीची दहाची नोट काढली आणि मास्टरला दिली. आपल्याच डोंग्याचं तिकीट घेतलं, बांबू टेकला, आणि आम्ही पैलतीरी लागलो. मी नोंदवहीत लिहिलं : 'चाचणी फेरी यशस्वी. अधिकारी सात, प्रवासी एक. प्रवाशाने स्वेच्छेने सहकार्य केले.'

स्थगिती त्याच दिवशी उठली. तरी अडचण उरलीच. डोंग्यात आठ जागा. सात अधिकारी आणि आठवी कोकिळाबाई, कारण प्रवासी नसला तर डोंगा चालत नाही. बाया काठावरच. आभाळ आणखी खाली आलं होतं. पुंडलिकराव साहेबांशी काही बोलले नाहीत; ते मास्टर नागोरावांशी बोलले, एका गावातली माणसं बोलतात तसं, चहा पिता पिता.

नागोरावांनी फेऱ्यांच्या नोंदवहीत आठवडाभराच्या सह्या आगाऊ करून दिल्या. बाकीच्यांनी ते पाहून महिन्याच्या केल्या. माझी तृतीय अधिकाऱ्याची सही तीन महिन्यांची आहे. माझं अक्षर चांगलं आहे. नोंदवही आणि सात नारिंगी जॅकेटं कोकिळाबाईंच्या घरी खुंटीला राहू लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे वेचणीच्या सात बाया घाटावर आल्या आणि जॅकेटं घालून डोंग्यात बसल्या. नियमाप्रमाणं डोंग्यात सात अधिकारी होते. फक्त त्यांच्या कमरेला ओट्या होत्या.

"म्या आज मुख्य अभियंता हाय वं," जया सांगत होती. "इंजिन पाह्यलं. नाई सापडलं. करा सही."

पुंडलिकरावांचा कापूस पाऊस यायच्या आदल्या संध्याकाळी घरी आला. शेवटच्या फेरीत मास्टर, मुख्य अधिकारी आणि दोन्ही अभियंते गाठोड्यांवर बसून आले, असं मला कळलं. त्या दिवशी मी घरी गोड करायला सांगितलं. का, ते बायकोला सांगितलं नाही.

अहवाल वर गेला. चौदाच्या चौदा रकाने भरलेले. अपघात एक, बचावकार्य यशस्वी, शंभर टक्के अधिकारीबळ, आणि तेराव्या रकान्यात 'प्रवाशांचा सक्रिय सहभाग'. वरच्या कार्यालयाला हा रकाना फार आवडला. साहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांनी ते पैनगंगेत भिजून वाळलेल्या त्या फाईलशेजारी लावलं आहे. घाटावर सत्कार झाला तेव्हा सातही अधिकारी पहिल्यांदाच पुन्हा एकत्र आले. कोकिळाबाईंचं नाव पुकारलं गेलं नाही, कारण प्रवाशांची नावं नोंदवहीत घेत नाहीत, संख्या घेतात. मी समारंभानंतर त्यांच्याकडं गेलो. बोलायचं होतं, पण जॅकेटंच मोजत राहिलो.

त्यांनीच विचारलं, "कुबडे सायेब, तुमी घरी जाता त येश्टीनंच ना?"

"हो."

"धक्का माराले उतरवते का कधी?"

"कधी कधी."

"तिकीट कापूनच ना जी?" असं म्हणून त्या मनापासून हसल्या आणि बांबू घेऊन घाटाकडं गेल्या. पलीकडून कुणीतरी हाक मारत होतं.

डोहगावचा हा नमुना आता सर्व सेवांना लागू करायचं ठरलं आहे, केवळ जलयानांना नव्हे. त्याचं परिपत्रक माझ्याच अक्षरात निघालं आहे आणि खाली नेहमीप्रमाणं 'प्रत : सर्व' असं आहे. म्हणजे एक प्रत तुमच्याकडं येईल. तुम्ही ज्या कोणत्या डोंग्यात बसला असाल, त्यात अधिकारी पुरेसे आहेत याबद्दल निश्चिंत असावं. यादी मी स्वतः पाहिली आहे. जॅकेट उपलब्धतेनुसार मिळेल. तिकीट काढणं बंधनकारक आहे. बांबू येताना घरून आणावा.

आणि इथवर हसत आला असाल तर एवढं करा. दोन्ही तळहात उजेडात धरून घट्टे आहेत का ते पाहा, आणि सोबतच्या प्रपत्रात नोंदवून सात दिवसांत पाठवा. निरंक चालणार नाही.